आंतरराष्ट्रीय ध्वजशास्त्र परिषद : निबंध तयार असेल तरच तिकीट काढा

झेंड्यांचा अभ्यास करणाऱ्यांचा हा जागतिक मेळावा दर दोन वर्षांनी भरतो. सिडनी (२०१५), लंडन (२०१७), सॅन अँटोनियो (२०१९), लुब्लियाना (२०२२) अशी गावं बदलत गेली, यजमान बदलले, साचा मात्र तोच राहिला: सोमवारी सुरू, शुक्रवारी समाप्त. तिसावी परिषद २०२४ मध्ये बीजिंगला झाली. पूर्वी ती विषम वर्षांत यायची. कोविडमुळे लुब्लियानाची २०२१ ची परिषद वर्षभर पुढे गेली आणि तेव्हापासून गाडी सम वर्षांवर आली.

निकाल आधीच सांगून टाकतो. नुसतं ऐकायला जाणार असाल, तर पुण्या-मुंबईहून विमानभाडं, व्हिसा, हॉटेल आणि काही शे डॉलरांची नोंदणी फी हा खर्च वसूल होत नाही. स्वतःचं छोटंसं पण पक्कं काम घेऊन गेलात, तर एवढ्या पैशात एवढे जाणकार परीक्षक दुसरीकडे कुठेही मिळणार नाहीत. मधला मार्ग नाही, असं आमचं मत आहे.

थोडी पार्श्वभूमी, कारण परिषदेचा स्वभाव तिच्या जन्मात आहे. पहिली परिषद १९६५ मध्ये नेदरलँड्समधल्या माउडरबर्ग या लहानशा गावी भरली. त्यामागे डच अभ्यासक क्लास सीरक्स्मा आणि अमेरिकेचे व्हिटनी स्मिथ ही मंडळी होती. हे स्मिथ म्हणजे गयानाच्या झेंड्याचे मूळ रचनाकार. व्हेक्सिलॉलॉजी हे शास्त्राचं नावही त्यांनीच विद्यार्थिदशेत घडवलं. दुसरी परिषद १९६७ ला स्वित्झर्लंडमध्ये, तिसरी १९६९ ला बोस्टनला, आणि तिथेच ७ सप्टेंबरला फियाव्ह म्हणजे ध्वजशास्त्र संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ रीतसर स्थापन झाला. १९७५ ची परिषद तर नेदरलँड्सच्या आयसलमेर सरोवरावर भरली. सांगायचा मुद्दा हा की, हे काम विद्यापीठांनी उभं केलेलं नाही, हौशी लोकांनी केलं. त्यामुळे इथे प्राध्यापक, निवृत्त नौदल अधिकारी, झेंडे शिवणारे कारखानदार, ग्राफिक डिझायनर आणि चाळीस वर्षं एकाच प्रांताचे झेंडे जमवणारा पोस्टमास्तर एकाच रांगेत बसू शकतात. पदवी कोणी विचारत नाही. पुरावा मात्र सगळे विचारतात.

महासंघाचं सदस्यत्व संघटनांना मिळतं, व्यक्तीला नाही. पण परिषदेला कोणीही नोंदणी करून जाऊ शकतो. हा फरक न कळल्याने बरेच जण आधीच बिचकतात. तुम्ही कुठल्याही संघटनेत नसलात तरी निबंध पाठवता येतो. फक्त सर्वसाधारण सभेत मत देता येत नाही, कारण तिथे एक संघटना, एक मत असा हिशेब आहे आणि मत प्रतिनिधी देतो. ही सभा प्रत्येक परिषदेत होते. घटना-दुरुस्ती, नवे सदस्य, पुढच्या यजमानांची निवड असले विषय असतात. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेला कंटाळणाऱ्यांनी तेवढ्या वेळात शहर बघून यावं, काही बिघडत नाही.

पाच दिवसांत मिळतं काय? उद्घाटनाला सदस्य संघटनांचे झेंडे येतात. महासंघाचा स्वतःचा झेंडाही असतो: गडद निळ्या कापडावर पिवळ्या दोरीचे एकमेकांत गुंतलेले दोन वेढे. झेंडा चढवायची दोरी हेच चिन्ह, म्हणजे कुठल्याही देशाचा रंग नाही की प्राणी नाही. रचना म्हणून हा झेंडा पैकीच्या पैकी गुण घेतो. प्रत्येक परिषदेचा वेगळा झेंडाही तयार होतो आणि संग्राहकांचा त्यावर डोळा असतो. मग व्याख्यानं, मध्ये एखादी सहल, शेवटी मेजवानी आणि पुरस्कार. व्हेक्सिलॉन हा पुरस्कार मागच्या दोन वर्षांतल्या सर्वांत महत्त्वाच्या कामाला दिला जातो. बरोबर आलेल्या घरच्यांसाठी सहसा वेगळा कार्यक्रम असतो. नवऱ्याने किंवा बायकोने दिवसभर झेंड्यांवरची भाषणं ऐकावीत अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही, हे बरं आहे.

व्याख्यानांचा दर्जा एकसारखा नसतो. साधारण वीस ते तीस मिनिटांचा वेळ मिळतो. त्यात एखादा अभ्यासक सतराव्या शतकातल्या एका जहाजाच्या झेंड्याची शिवण उलगडून दाखवतो आणि आपण खुर्चीच्या कडेला येऊन बसतो. पुढच्याच व्याख्यानात कोणी आपल्या गावच्या नगरपालिकेच्या झेंड्याची पन्नास चित्रं एकापाठोपाठ दाखवतो. कार्यक्रमपत्रिका हातात आली की विषय खुणा करून ठेवा. सगळी व्याख्यानं ऐकायचा हट्ट धरलात, तर तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे तिरंगे सारखेच दिसू लागतात. स्लोव्हेनियाच्या लुब्लियानात तर ते बाहेरही होतंच. स्लोव्हेनिया, स्लोव्हाकिया आणि रशिया, तिघांचेही पांढरा-निळा-लाल, आडवे पट्टे. ढाल पाहिल्याशिवाय ओळख पटत नाही.

आता मुख्य गोष्ट, निबंध. सारांश परिषदेच्या कित्येक महिने आधी मागवतात, तेव्हा तारीख यजमान संघटनेच्या पहिल्या पत्रकातूनच टिपून घ्या. भारतातून जाणाऱ्याने ती आणखी एका कारणासाठी पाळायची: निबंध स्वीकारल्याचं पत्र आणि निमंत्रण हातात असेल तर व्हिसाच्या अर्जाला आधार मिळतो. शेंगेन देश असो, ब्रिटन असो की अमेरिका, मुलाखतीची तारीख मिळायलाच वेळ जातो. परतावा न मिळणारं तिकीट आधी काढू नका.

विषय लहान घ्या. ‘भारतातील ध्वजपरंपरा’ हा निबंध नव्हे, ती प्रस्तावना झाली. त्याऐवजी भारतीय नौदलाच्या ध्वजाचं उदाहरण घ्या. १९५० पासून पांढऱ्या कापडावर सेंट जॉर्जचा लाल क्रूस आणि काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात तिरंगा. २००१ मध्ये क्रूस काढून तिथे नौदलाचं निळं चिन्ह आलं. २००४ मध्ये क्रूस परत आला, कारण समुद्र आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर ते निळं चिन्ह उठून दिसत नाही अशी तक्रार होती. क्रूसाच्या मध्यावर आता राजमुद्रा होती. २०१४ मध्ये तिच्याखाली ‘सत्यमेव जयते’ आलं. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत, विक्रांत नौदलात दाखल होताना, आजचा ध्वज आला: क्रूस गेला, निळ्या अष्टकोनात सोनेरी दुहेरी किनार, ढालीवर नांगर आणि ‘शं नो वरुणः’. अष्टकोनाची प्रेरणा छत्रपती शिवाजी महाराजांच्या मुद्रेची. एवढ्याच विषयात वीस मिनिटं भरतात. एक झेंडा, तारखा पक्क्या, बदलामागची कारणं समुद्रावरची आणि राजकीय अशी दोन्ही. असा निबंध सभागृहात पडत नाही.

याच उदाहरणावर परिषदेची आणखी एक सवय समजून घ्या. झेंडा दाखवताना तो कोण, कुठे वापरतो हे सांगायला स्मिथ यांनी सहा चौकटींची खूण घडवली. वरच्या ओळीत तीन चौकटी जमिनीसाठी, खालच्या ओळीत तीन समुद्रासाठी. डावीकडून उजवीकडे नागरिक, सरकार, सैन्य. ज्या चौकटीत ठिपका, तिथे तो झेंडा वापरात. भारताचा तिरंगा वरच्या ओळीचा. समुद्रावर मात्र आपली ओळ तीन झेंड्यांत वाटलेली आहे: व्यापारी जहाजावर कोपऱ्यात तिरंगा असलेला लाल ध्वज (खाली डावीकडे ठिपका), सरकारी जहाजावर तसाच निळा (मधली चौकट), युद्धनौकेवर नौदलाचा पांढरा (खाली उजवीकडे). तुमच्या पहिल्याच स्लाइडवर ही खूण चुकली, की पुढचं भाषण कितीही चांगलं असो, प्रश्नोत्तरात पहिला हात त्यावरच वर होणार. खुणेबरोबर प्रमाणही द्यायचं, उंची आधी, लांबी नंतर: भारत २:३, ब्रिटन १:२, अमेरिका १०:१९, कतार ११:२८, स्वित्झर्लंड १:१. नेपाळचा झेंडा रुंदीपेक्षा उंच, त्याचं प्रमाण भूमितीच्या रचनेतून काढावं लागतं.

चित्र काढताना काठीकडची बाजू पाहणाऱ्याच्या डावीकडे, हा सर्वसाधारण नियम. सौदी अरेबियासारख्या झेंड्याला तो उलटा लागू होतो, कारण अरबी मजकूर उजवीकडून वाचायचा. तो झेंडा दोन्ही बाजूंनी मजकूर सरळ वाचता यावा म्हणून दोन कापडं पाठीला पाठ लावून शिवतात. एका कापडावर छापून काम भागवलेला झेंडा मागून पाहिला की लगेच उघडा पडतो. इथले लोक झेंडा हातात घेतला की आधी उलटा करून बघतात, हे ध्यानात ठेवा.

आपल्याकडून जाणारे निबंध कुठे अडखळतात, हेही स्पष्ट सांगायला हवं. पहिलं दुखणं इंटरनेटवरची चित्रं. संस्थानांच्या झेंड्यांचे रंगीत तक्ते नेटवर भरपूर फिरतात, आणि त्यातल्या कित्येकांखाली कुठल्या वर्षीचा, कुठे ठेवलेला, कोणी पाहिलेला झेंडा याचा पत्ता नसतो. कोल्हापूर, सांगली, औंध, सावंतवाडी, जंजिरा यांपैकी एकच संस्थान घ्या. दरबारी कागद, जुनं छायाचित्र किंवा प्रत्यक्ष कापड असं एक तरी अस्सल साधन गाठा आणि तेवढ्यावर बोला. छायाचित्र काढताना कापडाशेजारी मोजपट्टी ठेवा, दोन्ही बाजू घ्या, शिवण आणि काठीकडची पट्टी जवळून घ्या. रंगाचं नाव पुरत नाही. जुन्या कापडाचा आजचा रंग आणि मूळ रंग यांत फरक असतो, म्हणून शिवणीच्या आत दुमडलेला, ऊन न लागलेला भाग दाखवता आला तर सोनं.

दुसरं दुखणं भावनेचं. जरीपटका आणि भगवा यांवर बोलताना अभिमानाची पाच मिनिटं जातात आणि कापड, आकार, तारीख यांना एक मिनिट उरतं. श्रोत्यांना पानिपत ठाऊक नसेल, पण ‘हा आकार कुठल्या चित्रात, कोणत्या साली दिसतो’ हे ते नक्की विचारतील. उत्तर नसेल तर ‘समकालीन चित्र मिळालेलं नाही’ असं सरळ म्हणा. त्याने किंमत कमी होत नाही.

गोव्याकडच्यांसाठी एक तयार विषय पडून आहे. पोर्तुगालने १९६० च्या दशकात आपल्या सागरापलीकडच्या प्रांतांसाठी वेगवेगळे झेंडे सुचवले होते: पोर्तुगीज ध्वजाच्या मोकळ्या बाजूला त्या त्या प्रांताची ढाल. त्यात पोर्तुगीज इंडियाचाही होता, तोही १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर! हे झेंडे कधी अंमलात आले नाहीत. हातातून गेलेल्या प्रदेशाला झेंडा सुचवणं, यावर इथे चांगली चर्चा होईल. कोकणात नारळी पौर्णिमेला होड्यांवर चढणारे झेंडे, वारीतल्या पताका हेही विषय आहेत, पण त्यांना वर्षानुवर्षांची छायाचित्रं लागतात. एका मोसमात होणारं ते काम नाही.

निबंधाइतकंच मोलाचं दुसरं ठिकाण म्हणजे झेंड्यांची देवघेव. विक्रीची टेबलं असतात, पण खरी मजा अदलाबदलीत. तिथे भारतीय माणसाकडून तिरंग्याची अपेक्षा असते आणि बहुतेक जण घराजवळच्या दुकानातून घेतलेला घेऊन जातात. तो चालत नाही. कारण बघा. आपल्या मानकात नऊ आकार आहेत, ६३०० बाय ४२०० मिलिमीटरपासून १५० बाय १०० पर्यंत, आणि प्रत्येकाला अशोकचक्राचा व्यास वेगळा ठरवून दिलेला आहे. ९०० बाय ६०० च्या झेंड्यात पांढरा पट्टा २०० मिलिमीटरचा आणि चक्र १८५ चं, म्हणजे वर-खाली जेमतेम साडेसात मिलिमीटर मोकळे. २२५ बाय १५० मध्ये पट्टा ५० चा आणि चक्र ४० चं. टेबलावरच्या १५० बाय १०० मध्ये पट्टा साधारण ३३ चा, चक्र २५ चं. झेंडा लहान होतो तसं चक्र पट्ट्याच्या तुलनेत आणखी लहान होतं. छापणारे मात्र एकच फाइल लहान-मोठी करतात, आणि मग लहान झेंड्यात चक्र पट्ट्याला भिडतं किंवा मोठ्यात बटणासारखं दिसतं. शिवाय आरे २४ हवेत, एक आरा बरोबर उभा हवा आणि चक्र दोन्ही बाजूंनी दिसायला हवं. एका बाजूला छापून मागे फिकट उमटलेलं चक्र या मंडळींच्या हातात द्यायला लाजच वाटावी.

तेव्हा देवघेवीसाठी मानक शिक्क्याचा खादीचा ९०० बाय ६०० घ्या. हुबळीच्या बेंगेरीतला कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ त्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीही राष्ट्रध्वज तयार करते. दोन-तीनच न्या, महाग असतात आणि वजनही लागतं. ध्वजसंहितेच्या डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर यंत्रावरचा आणि पॉलिएस्टरचा झेंडाही नियमात बसतो. तो हलका, स्वस्त, पण अदलाबदलीत खादीपुढे त्याला भाव नाही. हाताने कातलेल्या-विणलेल्या कापडाचा राष्ट्रध्वज ही गोष्ट जगात क्वचितच मिळते, आणि त्याबदल्यात तुम्हाला समोरच्याचा चांगला माल मागता येतो. काठीकडच्या बाहीतली दोरी आणि लाकडी खुंटी शाबूत आहे ना, हे दुकानातच बघून घ्या. घडी घालताना केशरी आणि हिरवा पांढऱ्याच्या खाली जातील, वर चक्र आणि दोन्ही रंगांची कड दिसेल अशी घाला. बॅगेत सगळ्यात वर ठेवा. खाली दाबलेल्या खादीच्या सुरकुत्या हॉटेलच्या इस्त्रीने सहज जात नाहीत.

लहान टेबल-झेंडे पुष्कळ न्यावेत का? नकोत. त्यांचा ढीग तिथे आधीच असतो. महाराष्ट्रातलं काही वेगळं, म्हणजे एखाद्या जुन्या संस्थेचा, बोट क्लबचा किंवा शाळेचा अधिकृत झेंडा, संस्थेच्या पत्रासह मिळाला तर तो जास्त चालतो. पत्राशिवाय झेंडा म्हणजे त्यांच्या दृष्टीने नुसतं कापड.

सोयींबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जेवण यजमान देशाप्रमाणे असतं. शाकाहारी असाल तर नोंदणी अर्जातच लिहा, मेजवानीच्या दिवशी सांगून उपयोग नाही. हॉटेल सभागृहाच्या जवळचं घ्या, जरा महाग पडलं तरी. रात्री नऊनंतर लॉबीत ज्या गप्पा रंगतात त्यात निम्मी परिषद असते, आणि लांब राहणारा तेवढ्यालाच मुकतो. कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालतं. बोलणाऱ्यांपैकी अनेकांची ती मातृभाषा नसते, त्यामुळे साधं, सावकाश इंग्रजी इथे चालून जातं, उलट सोपं पडतं.

खटकणाऱ्या गोष्टी दोन. एक, खर्च. युरोप-अमेरिकेतल्या निवृत्त माणसाचं बजेट गृहीत धरलेलं दिसतं, आणि त्याचा परिणाम श्रोत्यांत दिसतो: आशिया-आफ्रिकेतले चेहरे कमी. यजमानपद केप टाउन (१९९७), ब्युनोस आयर्स (२००५), योकोहामा (२००९), बीजिंग असं फिरलं आहे हे खरं, पण बहुतेक वेळा ते युरोप किंवा उत्तर अमेरिकेतच राहिलं. खर्च झेपत नसेल तर आधी उत्तर अमेरिकेची नावा किंवा ब्रिटनची फ्लॅग इन्स्टिट्यूट यांपैकी एखाद्या संघटनेचं सदस्यत्व घ्या, त्यांची नियतकालिकं वाचा आणि निबंध तिथे पाठवून बघा. परिषदेचा खर्च त्यानंतर करा.

दुसरी गोष्ट इतिवृत्ताची. व्याख्यानांचे ग्रंथ निघतात, पण परिषद संपली की यजमान मंडळी आपापल्या कामाला लागतात. सगळं काम स्वयंसेवकांवर, त्यामुळे छापील निबंध हाती यायला वेळ लागतो. तोवर तुमचं काम कुठे उद्धृत करता येत नाही. यावर उपाय आपल्याच हातात आहे. अंतिम मजकूर घरून निघण्यापूर्वीच पूर्ण लिहून ठेवा. चित्रं वेगळ्या फाइलींत, छापण्याजोग्या रिझोल्यूशनची द्या. झेंड्यांची रेखाटनं व्हेक्टरमध्ये हवीत, फोटोवरून ओढलेली नकोत. संग्रहालय किंवा दप्तरखान्यातल्या प्रत्येक चित्राला छापण्याची लेखी परवानगी सोबत जोडा. ही परवानगी नंतर मागायला गेलं की सहा-सहा महिने जातात, आणि तेवढ्यासाठी संपादक तुमचा निबंध बाजूला ठेवून पुढचा घेतो.